हेल्मेटची आखणी

रस्त्यावर सायकल सुरक्षित चालवायची असेल, तर वळण्यापूर्वी मागून येणाऱ्या वाहनाच्या चालकाशी नजरानजर करावी, असा एक नियम आहे. हा नियम ज्याने केला त्याची मान उत्तम असणार. माझी मान गेली नऊ वर्षं डावीकडे पंधरा अंश वळते आणि उजवीकडे, हवा कोरडी असेल तर, वीस. एकतीस वर्षं हायस्कुलात विज्ञान शिकवताना फळ्यावर लिहीत लिहीत 'मागे कोण बोलतंय?' असं विचारून मी ती झिजवली. आता डंपरवाल्याशी नजरानजर करायची तर डंपरच माझ्या पुढे यायला हवा. तो तसा येतोही, पण त्यात माझी सुरक्षितता फारशी उरत नाही.

हा नियम मला माझ्या मुलाने पाठवला. पुष्कर ठाण्याला चौदाव्या मजल्यावर राहतो. मागच्या पावसाळ्यात रामवाडीच्या वळणावर माझी स्कूटर आणि एक म्हैस समोरासमोर आली. म्हशीला काही झालं नाही. मलाही फारसं काही झालं नाही. पण पुष्कर आला, त्याने स्कूटर विकून टाकली आणि जाताना दूधवाल्यापासून म्हशीच्या मालकापर्यंत अर्ध्या पेण गावाला आपला फोन नंबर वाटून गेला. 'बाबा कुठे वेडंवाकडं चालवताना दिसले तर मला कळवा.' ज्या गावात आजही लोक मला 'दिघे सर' म्हणून वाट सोडतात, त्या गावात मी असा नजरकैदेत पडलो.

म्हणून मी सायकल घेतली. सायकल विकत घेतल्याचं अवघ्या बावीस मिनिटांत ठाण्याला कळलं. त्या रात्री आधी अकरा पानी माहितीपत्रक आलं आणि मग फोन.

"बाबा, हे सगळं जमणार आहे का तुम्हाला? त्यापेक्षा दोघं इकडे या ना राहायला. खोली रिकामी आहे."

"मी रस्त्यावर सुरक्षित आहे," मी म्हणालो.

"ठीक आहे. मग पेणहून रोह्याला प्रणिता आत्याकडे सायकलने जाऊन दाखवा. वाटेत तुमच्याबद्दल एकही तक्रार आली नाही, तर ठाण्याला या म्हणून मी पुन्हा कधी म्हणणार नाही. पण एक जरी तक्रार आली, तर महिन्याभरात सामान बांधायचं. मंजूर?"

"मंजूर!" मी इतक्या जोरात म्हणालो की शेजारच्या सुशीलच्या कुत्र्याने उत्तर दिलं.

श्यामला, म्हणजे आमची ही, तेव्हा समोर बसून बिरड्याचे वाल सोलत होती. ती काही बोलली नाही. ती काही बोलली नाही की मी संमती आहे असं धरतो. छत्तीस वर्षं आमचं सगळं याच पद्धतीने सुरळीत चाललेलं आहे.

आता चौदावा मजला म्हणजे काय, हे ज्याने तिथे आठ दिवस काढले आहेत त्यालाच कळेल. वरून रस्ता दिसतो, त्यावरची माणसं दिसतात, पण ती कोणाची कोण, कुठे चालली, घरात कोण आजारी, काही म्हणजे काही कळत नाही. मला तिथे कोंडून घेतल्यासारखं होतं. मला पेण सोडायचं नव्हतं. त्यासाठी रोह्याला काय, गोव्यालाही सायकल मारायची माझी तयारी होती. मानेचं तेवढं बघायचं होतं.

सराव सुरू झाला. माहितीपत्रकातलं दुसरं पान हातांच्या खुणांचं होतं. उजवीकडे वळायचं असेल तर उजवा हात खांद्याच्या रेषेत सरळ बाहेर काढावा. मी बाजारात शिरताना काढला. मागून येणाऱ्या मोटारसायकलवाल्याने "काय सर, बरं हाय ना?" म्हणत माझ्याशी हात मिळवला आणि निघून गेला. दुसऱ्या दिवशी पुन्हा काढला, तर एका माणसाने हातात मोफत नेत्रतपासणी शिबिराचा कागद ठेवला. तिसऱ्या दिवशी वेग कमी करत असल्याची खूण केली, म्हणजे तळहात खाली करून हात वर-खाली हलवला. तेव्हा माझ्या शेजारी येऊन एक रिक्षा थांबली.

"बसा सर, कुठं सोडू?" रिक्षावाला काळुराम होता. आमच्या गल्लीच्या तोंडाशीच तो उभा असतो.

"अरे, मी सायकलवर आहे."

"सायकल मागं बांधू की."

सल्ले द्यायला सुशील होताच. हा सुशील बँकेत आहे आणि रविवारी अंगाला घट्ट बसणारे कपडे घालून सायकलवर जिते गावापर्यंत जाऊन येतो. त्याची सायकल दोन बोटांवर उचलली जाते. माझी उचलायला दोन माणसं लागतात. तो म्हणाला, "सर, आरसा बसवा." बसवला. आरशात मला स्वतःचं पोट आणि त्यामागे थोडं आकाश दिसायचं. मग म्हणाला, "आधी फिटनेसचा कागद काढून ठेवा. उद्या कोणी काही म्हटलं तर हातात कागद पाहिजे."

हे मला पटलं. शिक्षकी पेशात आयुष्य गेलेल्या माणसाला कागदाबद्दल जो आदर असतो, तो इतरांना कळणार नाही. मी एका कार्यालयात गेलो. कुठलं ते सांगत नाही, कारण त्या गृहस्थांची निवृत्ती जवळ आली आहे.

"वाहन क्रमांक?" त्यांनी विचारलं.

"सायकल आहे."

"मग वाहन नाही."

"पण ती रस्त्यावरून चालते."

"म्हैसपण चालते." हे त्यांनी कशावरून काढलं, मला माहीत नाही. पुष्करचा नंबर त्यांच्याकडेही असावा.

"बरं, मग हे वाहन नाही एवढं तरी लिहून द्या."

"वाहन असतं तर ते नाही असं लिहिता आलं असतं," ते म्हणाले. या वाक्यावर मी घरी येईपर्यंत विचार करत होतो. शेवटी माझ्या अर्जावर त्यांनी 'मिळाला' असा गोल शिक्का मारून दिला, आणि मी तो प्लॅस्टिकमध्ये घालून खिशात ठेवू लागलो. तो कशाचा पुरावा होता, कोण जाणे. पण छातीशी शिक्का असला की पायडल हलकं जातं.

नजरानजरेचा प्रश्न मात्र तसाच होता. तो मी शास्त्रीय पद्धतीने सोडवायला घेतला. मागच्या चालकाला माझे डोळे दिसले पाहिजेत. माझे डोळे पुढे आहेत. ते मागे नेता येत नाहीत. तर मग मागे दुसरे डोळे बसवावेत. वर्गात पाठमोरा असताना 'सरांना मागेही डोळे आहेत' असं पोरं म्हणायची आणि त्या समजुतीवर मी एकतीस वर्षं शिस्त राखली होती. जे नववीच्या पोरांवर चाललं ते डंपरवाल्यांवर का चालू नये? त्यातले निम्मे माझेच विद्यार्थी होते.

म्हणजे हेल्मेटच्या मागच्या बाजूला दोन डोळे रंगवून घ्यायचे. आणि डोळे रंगवायचे, तर पेणच्या माणसाला पत्ता विचारावा लागत नाही. मी पांढरं हेल्मेट पिशवीत घातलं आणि काळुरामच्या रिक्षाने हमरापूर गाठलं.

हमरापूरला गुणाजी हा माझा जुना विद्यार्थी. विज्ञानात तो दोनदा नापास झाला, पण 'मानवी डोळ्याची आकृती काढा' या प्रश्नात त्याला मी पैकीच्या पैकी गुण दिले होते, कारण त्याच्या डोळ्याला पापण्या होत्या आणि तो डोळा पेपर तपासणाऱ्याकडे बघत होता. आता तो आखणी करतो. मूर्ती घडवून, रंगवून झाली की अगदी शेवटी तिचे डोळे रंगवतात, ती आखणी. ती करायला घरातला सगळ्यात स्थिर हात लागतो. गुणाजीचा हात इतका स्थिर की आखणी चालू असताना त्याची बायको सरू कुकरसुद्धा लावत नाही.

कारखान्यात तीनशे-साडेतीनशे गणपती डोळ्यांची वाट बघत ओळीने बसले होते. मी हेल्मेट काढलं.

"गुणाजी, यावर मागच्या अंगाला दोन डोळे हवेत. माणसाचे. जरा रागीट. बघणाऱ्याला वाटलं पाहिजे की सर आपल्याकडे बघतायत."

"सर, तुमचे डोळे मला आजून सपनात दिसतात," गुणाजी म्हणाला. "करून टाकू."

त्याने हेल्मेट मांडीवर घेतलं, मागच्या बाजूला गुलाबीसर हात मारला, वाळू दिला, बारीक ब्रश घेतला आणि श्वास रोखला. आम्हीही रोखला. काळुरामने तर इतका वेळ रोखला की त्याला बाहेर जाऊन बसावं लागलं. अर्ध्या तासाने गुणाजीने हेल्मेट माझ्यापुढे धरलं.

ते डोळे माझे नव्हते. मोठे, शांत, किंचित खाली झुकलेले. 'तुझं काय चुकलं ते मला ठाऊक आहे, पण असू दे' असं म्हणणारे. त्यांच्याकडे बघताना मला एकदम माझ्या सगळ्या चुका आठवल्या, आणि त्यात म्हैसही आली.

"अरे गुणाजी, हे गणपतीचे झाले."

"व्हय," तो ओशाळून म्हणाला.

"मी माणसाचे सांगितले होते. रागीट!"

"काय करू सर, पंचवीस वर्सं हेच काढतोय. हात रागाकडं जातच नाय. सोंड नाय काढली बगा. तेवढं सांभाळलं." असं म्हणत त्याने फडकं उचललं. "पुसू काय?"

आतून सरू धावतच आली. "आखलेलं डोळं पुसतात कधी? येड लागलंय काय तुमाला? सर, तुमी घेऊन जा ते. आनि जपून न्या." मग तिने हेल्मेटकडे मान कलती करून बघितलं. "कपाळ रिकामं बरं नाय दिसत." गुणाजीने वर शेंदरी गंध ओढलं. मी काही बोलेपर्यंत कडेने सोनेरी रेघही फिरली होती.

परत येताना हेल्मेट मी मांडीवर घेऊन बसलो होतो. रिक्षा खड्ड्यात आदळू नये म्हणून काळुराम जन्मात पहिल्यांदा रस्ता बघून चालवत होता.

घरी श्यामलाने दार उघडलं, हेल्मेट बघितलं आणि हात धुऊन आली. त्या दिवसापासून माझ्या घरातलं माझं स्थान एका पायरीने खाली गेलं. हेल्मेट चपलांच्या कपाटावर ठेवायचं नाही. खिळ्याला अडकवायचं नाही. डोळे भिंतीकडे करून ठेवायचं नाही, ते बरं दिसत नाही. डोळे टीव्हीकडे करूनही ठेवायचं नाही, कारण टीव्हीवर काय लागेल सांगता येत नाही. शेवटी त्याला पाट मिळाला. बुधवारी सुरमई तळली, तेव्हा हेल्मेट पाटासकट आतल्या खोलीत गेलं. आणि अंघोळ केल्याशिवाय मी ते डोक्यावर घालायचं नाही असं ठरलं. त्यामुळे पहाटेची रपेट बंद पडली.

"पण सर, एक शंका आहे," सुशील म्हणाला. "तुम्ही ते डोक्यावर घेता, पण तोंड मागे. म्हणजे तुम्ही देवाला पाठ दाखवता की देव तुम्हाला?"

"हे देव नाहीत. हे सुरक्षिततेचं साधन आहे," मी ठणकावून सांगितलं, आणि सांगताना माझ्या पायांतल्या चपला मी काढलेल्या होत्या, हे मला नंतर दिसलं.

साधन मात्र चाललं! पहिल्याच दिवशी बाजारात एकाही रिक्षाने मला घासलं नाही. मागून हॉर्न वाजेना. चौकात मी उजवा हात काढला तर मागची गर्दी जागच्या जागी थांबली, आणि नंतर सुशीलने सांगितलं की दोघातिघांनी हातही जोडले होते. भाजीवाल्या बायजाबाईंकडे वांगी घ्यायला वाकलो, तेवढ्यात त्यांनी माझ्या हेल्मेटच्या भोकात एक जास्वंद आणि चार दुर्वा खोवल्या.

"बायजाबाई, ही भोकं हवा खेळायला असतात."

"ऱ्हाऊ द्या वो सर. एवढा रस्ता त्याच्या भरवशावर जाताव, एक फूल काय जड झालं?"

मला म्हणायचं होतं की मी विज्ञानाच्या भरवशावर जातो. पण वांगी त्यांनी चांगली निवडून दिली होती.

संक्रांत झाली आणि मी तारीख ठरवली. शनिवारी सकाळी साडेसहाला अंघोळ करून, डोळे मागे करून, शिक्का छातीशी ठेवून मी निघालो. श्यामला दारात उभी होती. हळदीकुंकवाला जायचं म्हणून एवढ्या सकाळी तिने जांभळी रेशमी साडी नेसली होती.

"एवढ्या पहाटे कोणाकडे हळदीकुंकू?"

"रामवाडीला. लांबची ओळख आहे," ती म्हणाली. "डावीकडून जा. खिंडीत उतरून ढकला. आणि मधून मधून मागे बघा."

"मागे बघायला हे आहेत की," मी हेल्मेटवर टिचकी मारणार होतो, पण तिचा चेहरा बघून हात मागे घेतला.

तो प्रवास मी मरेपर्यंत विसरणार नाही. माहितीपत्रकात लिहिलं आहे की वाहनांनी सायकलस्वारापासून दीड मीटर अंतर ठेवावं. माझ्यापासून त्या दिवशी अख्खी लेन सोडून वाहनं जात होती! वडखळपर्यंत लोखंड भरलेले ट्रेलर, डंपर, कंपन्यांच्या शिफ्टच्या बसगाड्या माझ्या मागे आल्या की त्यांचा आवाज मवाळ व्हायचा, मग त्या पार उजवीकडून, अंग चोरून, लग्नात पंगतीमधून वाढप्याने जावं तशा पुढे जायच्या. एकाही ड्रायव्हरने शिवी दिली नाही. वडखळच्या नाक्यावर मी हात काढायच्या आतच मागची वाहनं थांबली. मला गुणाजीची आठवण झाली. मी रागीट डोळे मागत होतो, केवढा अडाणी! रागाने माणूस चिडतो आणि ॲक्सिलरेटर दाबतो. करुणेने पाय ब्रेकवर जातो. नागोठणं येईपर्यंत या विषयावर एक लेख माझ्या डोक्यात पूर्ण तयार झाला होता आणि तो कुठे पाठवावा एवढंच ठरायचं होतं.

नागोठण्याला चहाला थांबलो. टपरीवाला कप देताना माझ्या खांद्यावरून पलीकडे बघत राहिला.

"मागं तुमचेच हायत ना? त्यांना पन देऊ काय चा?"

"मागचे चहा घेत नाहीत," मी हसून हेल्मेटकडे बोट केलं. "ते फक्त बघतात."

"व्हय, बगतायत खरं," तो म्हणाला आणि गडबडीने दोन कप भरून कुठेतरी गेला. भाविक माणूस.

नागोठणं सोडून रोह्याच्या रस्त्याला लागल्यावर खरी गंमत झाली. हा रस्ता अरुंद. मागच्या वाहनांना उजवीकडून जायला जागा नाही. आणि माझ्या मागून पुढे जायला कोणी तयार नाही! आवाजावरून मला अंदाज येत होता. आधी एक एसटी माझ्या मागे लागली. मग एक टेम्पो. मग जीप, दोन बस, एक ट्रेलर. भिसे खिंडीत मी उतरून सायकल ढकलू लागलो तेव्हा सगळी रांग माझ्या पावलांच्या वेगाने चढत होती. मध्ये मध्ये 'हळू, हळू!' असं कोणीतरी म्हणत होतं. ड्रायव्हर मंडळी एकमेकांना सांभाळून घेत होती. मला भरून आलं. आपल्या माणसांत इतकी माणुसकी आहे आणि आपण उगीच त्यांना नावं ठेवतो!

रांगेत एका टेम्पोत कुठल्याशा लग्नाहून परतणारी बेंजो पार्टी होती. खिंडीच्या माथ्यावर त्यांचा धीर सुटला. एवढी लांबलचक, शिस्तीची रांग, पुढे गंध लावलेला चेहरा, आणि हातात वाद्यं असून गप्प बसायचं! त्यांनी वाजवायला सुरुवात केली. मागच्या जीपमधून कोणीतरी "मोरया!" म्हणून ओरडलं. बसमधली माणसं खाली उतरून चालू लागली. मी उतारावर सायकलवर बसलो, पण ब्रेक दाबूनच चाललो, कारण एवढी माणसं मागे चालत असताना पुढे पळणं शोभलं नसतं.

रोह्याच्या वेशीवर लोक घरांतून बाहेर येऊन बघत होते.

"माघीचा गणपती आला काय?"

"आजून टाइम हाय."

"मग ह्यो कोन?"

"पेनचा दिसतोय. चांगला हाय, डोळे बगा."

मी डावीकडून, हाताच्या सगळ्या खुणा करत, प्रणिताच्या दारात थांबलो. साडेपाच तास! अंगावर ओरखडा नाही! बेंजोवाल्यांनी शेवटचा ठेका जोरात वाजवला. प्रणिता, माझी धाकटी बहीण, एका हातात ओवाळायचं ताट आणि दुसऱ्या हातात फोन घेऊन उभी होती. ती पंच होती. फोनमध्ये पुष्करचा चेहरा होता आणि तो मागची गर्दी बघून पांढरा पडला होता.

"बाबा, हे काय आहे?"

"सुरक्षितता," मी म्हणालो.

तेवढ्यात गर्दीतून वाट काढत एक हवालदार आले. त्यांच्या हातात वही होती.

"दिघे कोन? तक्रार आलीय."

एक तक्रार! मला आमचं घर दिसलं, कुलूप लावलेलं. बायजाबाई दिसल्या. चौदाव्या मजल्याची ती खिडकी दिसली, जिच्यातून हात बाहेर काढायलाही जाळी आड येते. खरं सांगायचं तर डोळ्यांत पाणी आलं, आणि पुढच्या डोळ्यांत आल्यामुळे ते सगळ्यांना दिसलं.

हवालदार वाचू लागले, "नागोठन्यापासून रस्त्याच्या मधोमध वाहतूक अडवून..."

"मी मधोमध नव्हतो! मी डावीकडेच होतो!" मी ओरडलो.

"तुमी गप ऱ्हावा हो. सायकलवाल्याबद्दल त्या एवढ्या लायनीतला एक मानूस वाकडं बोलला नाय. एसटीचा ड्रायव्हर तर म्हनाला, असा नीट चालवनारा बगितला नाय." त्यांनी वहीचं पान उलटलं. "तक्रार रिक्षातल्या बाईंबद्दल हाय. रिक्षा आडवी घालून, भायेर वाकून, सगळ्यांना थांबवत होत्या त्यांच्याबद्दल."

गर्दी बाजूला झाली. मागे काळुरामची रिक्षा उभी होती. आतून श्यामला उतरली. जांभळ्या साडीवर पेणपासून रोह्यापर्यंतची सगळी धूळ बसली होती, आणि हातात वाणात आलेलं लाल प्लॅस्टिकचं ताट होतं. त्या ताटाने तिने साडेपाच तास ट्रेलर थांबवले होते.

जे नको तेच माझ्या तोंडून आलं. "म्हणजे... डोळ्यांचा काही उपयोग नाही झाला?"

"झाला ना, सर," काळुराम म्हणाला. "मी होतो की बरोब्बर मागं. सकाळपासून माझ्याकडंच बगत होते. एकदा पन हॉर्न मारायचा धीर नाय झाला."

"आई?" फोनमधून पुष्कर म्हणाला. "तू? हायवेवर?"

श्यामलाने प्रणिताच्या हातातून फोन घेतला. "हो, मी. माझी तक्रार आली आहे, यांची नाही. तुझी अट यांच्यासाठी होती. ते जिंकले."

"अगं पण..."

"ऐक. तुम्ही दोघांनी मंजूर मंजूर म्हणून ठरवून टाकलंत. मी समोर वाल सोलत होते, मला कोणी विचारलं नाही. मला नाही यायचं तिकडे. घर छान आहे तुमचं. पण दार उघडून उभं राहिलं की समोर दुसरं बंद दार असतं. मी कोणाशी बोलू?" ती जरा थांबली. "आणि हे नीट चालवतात. मी साडेपाच तास बघत होते यांच्याकडे. एवढा वेळ लग्न झाल्यापासून कधी बघितलं नव्हतं."

पुष्कर म्हणाला, "बरं. राहा तिथेच." त्याचा आवाज जरा जड झाला होता, पण तो रेंजमुळेही असेल.

हवालदारांनी "बाई, पुन्हा असं करू नका," एवढीच समज दिली आणि जाता जाता हेल्मेटला नमस्कार केला. श्यामला ओट्यावर बसली. तिला उजवा हात वर उचलता येईना. प्रणिता तेल कोमट करून घेऊन आली आणि तिच्या शेजारी टेकायला लागली, तेव्हा मी तिच्या हातातून वाटी घेतली. बहीण, काळुराम, बेंजो पार्टी आणि अर्धी एसटी बघत असताना मी माझ्या बायकोचा खांदा चोळत बसलो.

"एकदा तरी मागे बघायचं हो," ती हळूच म्हणाली.

"मान..."

"मान मला माहीत आहे. उतरून बघायचं."

मी तेल घेतलं आणि चोळत राहिलो.

"बाबा," ओट्यावर ठेवलेल्या फोनमधून आवाज आला, "फोन चालू आहे. सगळं दिसतंय मला."

"असू दे," मी म्हणालो. "बघ."